नव्याने रंगवलेली आठ हेल्मेटं

दसऱ्याची सुट्टी संपवून मी प्लांटमध्ये परतले, त्या सकाळी खलाशांची आठही हेल्मेटं नवी झालेली होती.

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी सेफ्टी विभागात शिकाऊ म्हणून लागले होते, तिथे गाड्यांचे पत्र्याचे भाग बनतात. खलाशी म्हणजे जड सामान दोरांनी आणि चेन कुप्पीने, म्हणजे साखळीच्या कप्पीने, उचलून वर चढवणारी माणसं. ती ठेकेदाराकडची होती. त्यांच्या जेवणाच्या शेडबाहेर एका लोखंडी पाइपला आठ हुक होते आणि त्यांवर रोज आठ मळकी, उन्हाने पांढुरकी पडलेली पिवळी हेल्मेटं लटकलेली असायची. सुट्टीवर जाण्याआधी मी त्यांच्याकडे बघून मनाशी ठरवलं होतं, रविवारच्या आत ही बदलून घ्यायची.

रविवारपासून तीन दिवस प्लांट बंद ठेवून मोठ्या शेडच्या छताचे पत्रे बदलायचे होते. ही आठ माणसं त्या वेळी एक तर छतावर असणार होती, नाही तर वर जाणाऱ्या पत्र्यांच्या बरोबर खाली. आमचे साहेब पुण्याच्या प्लांटला गेलेले, त्यामुळे कामाच्या परमिटवर सेफ्टीच्या जागी सही मी करायची होती. आयुष्यातली अशी पहिलीच सही.

म्हणून त्या चकचकीत पिवळ्या रंगाकडे बघून मला बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. आठही हेल्मेटं एकाच दिवशी, कोणालाही न सांगता नवी कशी होतात?

मी स्टोअरमध्ये गेले. स्टोअर सांभाळणारे काका साधारण पन्नाशीचे होते. ते कधीच पूर्ण उत्तर द्यायचे नाहीत, आणि अर्धं उत्तर देताना गालातल्या गालात हसायचे. मला अशा हसण्याची धास्ती वाटते.

"खलाशांची नवी हेल्मेटं आली का?" मी विचारलं.

"नाही हो मॅडम. ऑर्डर अडकलीय. दिवाळीनंतर बघू."

"पण त्यांच्याकडची नवी दिसतात."

"दिसतात ना? मग झालं की."

बोलता बोलता त्यांनी पायाने मागचं एक गोणपाट सरकवलं. त्याखाली काहीतरी चौकोनी होतं. मग ते येऊन दारातच उभे राहिले, म्हणजे मला आत जाता येणार नाही असे. मी "ठीक आहे" म्हणून निघाले. समोरासमोर वाद घालणं मला जमत नाही. मी बघून ठेवते.

जेवणाच्या सुट्टीत खलाशी आत डबे उघडून बसले होते. मी हुकांपाशी गेले आणि एक हेल्मेट काढून उलटं केलं. हेल्मेटची खरी माहिती आतच असते. टोकाच्या, म्हणजे कपाळावर पुढे येणाऱ्या कडेच्या, खालच्या बाजूला घड्याळासारखं एक छोटं वर्तुळ असतं. कडेने महिन्यांचे आकडे, मध्ये वर्ष आणि एक बाण. त्यावरून ते कधी बनलं हे समजतं. बाजूला ISIचा शिक्का असतो. इथे वर्तुळात रंग साचून ते सपाट झालं होतं, आणि शिक्क्याच्या जागी नुसता उंचवटा बोटाला लागत होता. थिनरचा वास येत होता. दुसरं काढलं, तेही तसंच. तिसऱ्याला हवा लागावी म्हणून कोणीतरी डोक्यावर ड्रिलने पाच भोकं पाडली होती, अगदी नीट, एका रांगेत. चौथ्याची आतली जाळी, म्हणजे डोकं आणि कवच यांच्यात बोटभर अंतर ठेवणाऱ्या पट्ट्या, एका बाजूने तुटलेली होती आणि बाइंडिंग तारेने बांधलेली होती. पाचव्याच्या जाळीत तंबाखूची पुडी खोचलेली. वरून काही पडलं तर धक्का पट्ट्यांनी ताणले जाऊन झेलावा म्हणून ते अंतर असतं, कपाट म्हणून नाही.

आतलं बोलणं थांबलं. मी मान वर केली तर शेडमधून सगळे माझ्याकडेच बघत होते. मी हेल्मेट परत हुकाला लावलं आणि निघून आले. मी गेले की बोलणं थांबायचं, हे मला तिथे लागल्यापासून माहीत होतं. ते का थांबतं याची कारणं मी विचारायची नाही. माझ्याकडे तयार असायची. मुलगी आहे म्हणून. इंग्रजी शाळेत शिकलेली, "तुम्हांला विनंती आहे" असं पुस्तकातलं मराठी बोलते म्हणून. आडनाव कळलंय म्हणून.

संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. ठेकेदाराला नवी हेल्मेटं घ्यायची नव्हती. त्याने जुन्यांवर रंग मारला आणि तारखा मुद्दाम बुजवल्या. स्टोअरवाल्या काकांना ते ठाऊक होतं. गोणपाटाखाली रंगाचे डबे होते. आणि नव्या, न बोलणाऱ्या मुलीची सही मिळाली की काम फत्ते. गारखेड्याला घरी येऊन मी साहेबांना मेल लिहायला घेतला. इंग्रजीत, कारण राग मला इंग्रजीत नीट मांडता येतो. चार फोटो जोडले.

बाबांनी चष्मा लावून तो वाचला. त्यांची सगळी नोकरी कोर्टात कारकुनीत गेली.

"रंगवताना कोणाला पाहिलंस का?"

"नाही."

"मग ठेकेदाराने रंगवलं असं कसं लिहिलंस?"

"दुसरं कोण रंगवणार?"

"ते तुला माहीत नाही, एवढंच तुला माहीत आहे," ते म्हणाले आणि फोन परत दिला. "आधी विचार. फुकट असतं ते."

विचारणं मला कधीच फुकट वाटलेलं नाही. पण मेल पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी खलाशांच्या म्होरक्याला गाठलं. त्याला सगळे मामा म्हणत, मीही म्हणायचे. पैठणकडच्या एका खेड्यातला, उंच, मानेवर दोराचा जुना वळ असलेला माणूस. छताच्या कामात पत्रे वर जाताना ते हेलकावू नयेत म्हणून खाली उभं राहून दोर धरणारा तोच असणार होता. वरून नट निसटला, पाना सुटला, पत्रा घसरला, तर पहिलं डोकं त्याचं.

तो चेन कुप्पीला ग्रीस लावत बसला होता. हेल्मेट शेजारी ठेवलेलं. मी सरळ विचारलं, "मामा, ही हेल्मेटं कोणी रंगवली?"

मागे बसलेले दोघं उठून आत गेले.

"कशापायी विचारायल्या, ताई?"

"मला माहीत असायला पाहिजे."

"आमीच रंगवली की."

"ठेकेदाराने सांगितलं?"

"ठेकेदार कशाला सांगतोय? खंडेनवमी नव्हती का? हत्यारं धुवून, रंगवून पुजायची असत्यात त्या दिशी. पाना पुजला, पहार पुजली, कुप्पी पुजली, दोराला हळदीकुंकू लावलं. मग टोपी काय तशीच मळकी ठेवायची? डोस्कं वाचवती ती. तिलाच आधी रंगवली." त्याने हेल्मेट उलटं करून दाखवलं. कपाळाच्या पट्टीवर कुंकवाचं सुकलेलं बोट होतं, आणि जाळीत झेंडूची एक पाकळी अडकलेली. "पेंट शॉपातलं थिनर घेतलं, घासघासून मळ काढला. रंगाचा डबा स्टोअरवाल्यानं दिला. उरलेला होता त्याच्यापाशी."

खंडेनवमीला कारखान्यात काय होतं हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे ती नसते. मी सुट्टीला जोडून आधीच्या दोन दिवसांची रजा टाकली होती. दसऱ्याला आम्ही घरचे सगळे पांढरे कपडे घालून लेणीच्या पायथ्याशी वंदनेला जातो.

"मग मला का नाही सांगितलं? मी आले की सगळे गप्प का होता?"

"थिनर चिठ्ठी न करता घेतलं ना, ताई. तुमी लिहून घेणाऱ्या. म्हटलं, कशाला."

आतून कोणीतरी म्हणालं, "त्या नव्हत्या ना पुजेला. त्यांच्यात चालत नसंल." त्या एका वाक्यात मला तीन वाक्यं ऐकू आली. मामाने मागे न बघता आवाज चढवला. "ए, गप रे. त्यांचा बी सण असतो दसऱ्याला. ठावं हाय मला." मग मला म्हणाला, "पेढा ठिवला होता तुमच्यासाठी. दोन दिस ऱ्हायला, मग ह्यांनी खाल्ला."

कट नव्हताच. मला हलकं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. फसवणूक असती तर मी फोटो पाठवून मोकळी झाले असते. आता समोर आठ माणसं होती, ज्यांनी आपलं हेल्मेट प्रेमाने खराब केलं होतं, आणि हे त्यांना मलाच सांगावं लागणार होतं.

मी जमेल तसं सांगितलं. थिनरने प्लास्टिक कमजोर होऊ शकतं. रंग लावला की चीर गेली असली तरी दिसत नाही. तारीख बुजली की ते किती जुनं हे समजत नाही. नव्या हेल्मेटच्या खोक्यात कागद येतो, त्यावर हे लिहिलेलं असतं. माझं मराठी शाळेतल्या भाषणासारखं निघत होतं.

"पुजलेली वस्तू कशी खराब व्हईल?" मामाने शांतपणे विचारलं. "आदी मळकी होती तवा चालत होती. आता सवच्छ केली तर चालना?"

"आधीही चालत नव्हती, मामा. मी बदलायलाच सांगणार होते."

"व्हय का," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आता माझ्याबद्दल तोच संशय होता, जो मी दोन दिवस त्यांच्याबद्दल बाळगला होता.

मी हुकावरचं भोकंवालं हेल्मेट मागून घेतलं, दोन्ही तळव्यांत धरून कडा एकमेकींकडे दाबल्या आणि त्याच्या कानाजवळ नेलं. चांगलं कवच थोडं दबतं आणि मुकाट्याने परत येतं. हे बारीक कुरकुरलं, पापड मोडण्याआधी कुरकुरतो तसं. भोकांच्या रांगेतून पिवळ्या रंगावर केसासारखी एक रेघ पुढे सरकली. ती थिनरमुळे होती, भोकांमुळे की आधीच्या चार उन्हाळ्यांमुळे, मला सांगता आलं नसतं. तसं मी म्हणालेही.

मामाने स्वतःचं हेल्मेट उचललं, पण दाबलं नाही. मांडीवर ठेवून तो पुन्हा ग्रीस लावायला लागला.

शनिवारी छताच्या कामाच्या सुपरवायझरांनी मला बोलावलं. "मॅडम, उद्या सातला परमिट पाहिजे. क्रेन भाड्याने आलीय, पत्रे आलेत. तुमचं काय अडलंय?"

"हेल्मेटं."

"ती तर चांगली दिसतात."

"म्हणूनच."

त्यांना वाटलं मी उलट बोलतेय. "हे बघा, तुम्ही शिकाऊ आहात. उगाच ताणू नका. नवी कुठून आणणार आता?"

"माहीत नाही. पण मी सही करणार नाही," मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी "काय?" म्हणून परत विचारलं, आणि मला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

तिथून मी स्टोअरमध्ये गेले. काका चहा पीत होते. मी त्यांना सगळं सांगितलं: थिनर, भोकं, रेघ, उद्याचं परमिट. या वेळी ते हसले नाहीत. कप ठेवला, मागे गेले आणि गोणपाट उचललं. खाली रंगाचे डबे नव्हते. एक मोठं खोकं होतं आणि त्यात प्लास्टिकच्या पिशव्यांत, एकात एक घातलेली दहा पांढरी हेल्मेटं.

"पाहुण्यांची," ते म्हणाले. "ऑडिटवाले, कंपनीचे साहेब लोक आले की लागतात. उघडी ठेवली की कोणीतरी मागतं, म्हणून झाकतो."

"मी परवा मागितली असती तर दिली असती?"

"नाही."

"मग आज?"

त्यांनी खोक्याची पट्टी ओढून काढली. "रंगाचा डबा मीच दिला होता ना," ते म्हणाले. "आठ घेऊन जा. पाहुणे आले तर बघू."

त्यांच्यावरचा माझा संशय पूर्ण गेला नाही. बाहेर आठ माणसं फुटकी हेल्मेटं घालून फिरत असताना या माणसाने दहा नवी गोणपाटाखाली ठेवली होती, हे खरंच होतं. पण त्याने ती काढून दिली, हेही खरंच होतं.

रविवारी सकाळी सातला शेडसमोर आठ पांढरी हेल्मेटं टेबलावर मांडली. जुनं द्यायचं आणि नवं घ्यायचं, असं मी ठरवलं होतं, नाही तर जुनी घरी जातात आणि मोटरसायकलवर डोक्यावर दिसतात. आमच्याकडे पांढरं हेल्मेट फक्त साहेबांचं असतं. पहिला खलाशी ते घालून वळला आणि त्याने कमरेवर हात ठेवला. "हौ भाई, आज से अपन साहब. चाय मंगाओ." सगळे हसले. दुसऱ्याने उलटं घातलं, टोक मागे करून. मी सरळ करायला लावलं. तिसऱ्याने खाली जाड टॉवेल गुंडाळला होता. तो काढायला लावला, कारण टॉवेलवर बसलेलं हेल्मेट खाली वाकलं की निसटतं. हनुवटीचा पट्टा बहुतेकांना नको होता. "बैलावाणी वाटतंय," एक जण म्हणाला, पण त्याने लावला.

सात पिवळी माझ्या पायापाशी जमली. मामाने दिलं नाही. पांढऱ्याकडे बघितलं, स्वतःचं काखेत धरलं आणि शेडच्या मागे निघून गेला.

सुपरवायझरांनी घड्याळ बघितलं. "गेला बघा. आता तो नसला तर खाली दोर कोण धरणार? तुमच्यामुळे." मलाही वाटलं, तो ठेकेदाराला फोन करायला गेला. मग वाटलं, मॅनेजरकडे. मग वाटलं, घरीच निघाला. पाच मिनिटं मी हे सगळं मनात लावून पाहिलं आणि शेवटी त्याच्या मागे गेले.

तो भंगाराच्या पिंपाशेजारी उकिडवा बसला होता. बूट काढून ठेवलेले. हेल्मेट गुडघ्यांत धरलेलं आणि हातात हॅक्सॉ. मी दिसल्यावर थांबला नाही. करवत मागेपुढे जात होती आणि पिवळा भुगा त्याच्या पायावर पडत होता.

"म्या पुजली," तो म्हणाला, "तर मोडायची बी म्याच. दुसऱ्याच्या हातनं नको."

दोन तुकडे झाले. त्याने एक उजेडात धरला. वर पिवळ्या रंगाची कागदाएवढी साल, खाली फिकट पांढुरकं प्लास्टिक. कानाजवळच्या खाचेपाशी त्याने अंगठ्याने दाबलं आणि कोपरा तुटून हातात आला.

"रातच्याला दाबून बघितली व्हती घरी," तो म्हणाला. "वाजली." मग पाकळी असलेली पट्टी सोडवून खिशात ठेवली, तुकडे पिंपात टाकले, हात जोडले आणि बूट घातले.

टेबलापाशी आल्यावर त्याने पांढरं हेल्मेट लगेच डोक्यावर घातलं नाही. उलटं केलं. आत नाक घालून वास घेतला. कडा दाबून कान लावला. मग वर्तुळावर बोट ठेवून मला विचारलं, "ह्यो बाण कुठं दाखवायलाय?" मी महिना आणि वर्ष वाचून सांगितलं. "शिक्का?" तोही दाखवला. "ही कुणी रंगवलेली नाय ना, ताई? स्टोअरवाला दिसतो तेवढा सादा नाय."

"नाही. मीही बघितलंय."

"तुमी बघितलंय, पर आता म्या बघितलं," तो म्हणाला आणि घातलं. मागची चकती फिरवून घट्ट केलं, खाली वाकून डोकं हलवलं. हललं नाही.

मी पेन काढून परमिटवर वाकले, तर तो म्हणाला, "थांबा. तुमचंच मागून उचललंय."

मी हात लावून पाहिलं. माझ्या केसांच्या मोठ्या क्लिपवर हेल्मेट बसलं होतं आणि मागची पट्टी मानेला टेकतच नव्हती. सहा महिने मी तसंच घालून फिरत होते आणि दुसऱ्यांची तपासत होते. सगळ्यांसमोर क्लिप काढायची मला लाज वाटली. पण तो दोर हातात घेऊन थांबला होता, आणि त्याच्या मागे सात जण. मी हेल्मेट काढलं, क्लिप खिशात टाकली, केसांची खाली मानेशी वेणी घातली, परत घातलं आणि चकती आवळली.

"आता करा सही," मामा म्हणाला.

मी केली. तो शेडखाली जाऊन उभा राहिला आणि त्याने पहिल्या पत्र्याचा दोर धरला.